इंजिन वर उचलताना टिल्टचा आवाज येतो: युनिट बदलण्याआधी हे तपासा

बामणोलीच्या एका बोटचालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. अठरा फुटी फायबरची स्पीड बोट, मागे बाहेरून लावलेले ६० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पावसाळ्यात बोट काठावर ओढून ताडपत्री टाकून ठेवली होती, इंजिन वर उचललेलेच होते. दसऱ्याला बोट पाण्यात सोडली, तेव्हापासून टिल्टचे, म्हणजे इंजिन वर-खाली करणाऱ्या युनिटचे, ‘वर’ बटण दाबले की घरघर होते आणि तिच्यात बारीक कुंईं असा आवाज मिसळतो. खाली येताना तो कमी असतो. पूर्वी इंजिन पूर्ण वर यायला बारा-तेरा सेकंद लागायचे, आता पंचवीसच्या पुढे जातात. टाकीत ऑइल कमी दिसले म्हणून घरात होते ते २० डब्ल्यू ४० इंजिन ऑइल ओतले, दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. एका मेकॅनिकने पूर्ण युनिट बदलायला सांगितले आहे. बदलावे का?

एवढ्यात नको. तुम्ही आवाजाबद्दल विचारले आहे, पण तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: आवाज, मंदपणा आणि कमी होणारे ऑइल. माझ्या मते मूळ तिसरीत आहे. ‘ऑइल ओतल्यावर दोन दिवस बरे वाटले’ हे तुम्ही जाता जाता लिहिले, पण सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. पंप किंवा गिअर झिजून आवाज येत असता तर ऑइल ओतून असा फरक बहुधा पडला नसता. फरक पडला, म्हणजे बहुधा पंप अजून काम करतो आहे आणि त्याला पुरेसे ऑइल मिळत नाही. मग ते ऑइल जाते कुठे, हे शोधायचे आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण त्यांवर पुढचे बरेच अवलंबून आहे. एक, तुमच्या युनिटात ऑइलच्या दाबाने इंजिन ढकलणारा जॅक एक आहे की तीन, हे तुम्ही लिहिलेले नाही. मधे एकच जाड जॅक असेल तर तोच ट्रिमही करतो (चालत्या बोटीत इंजिनाचा कोन थोडा बदलणे) आणि टिल्टही (इंजिन पाण्याबाहेर उचलणे). दोन्ही बाजूंना आखूड जॅक आणि मधे एक लांब अशी रचना असेल, तर आखूड जॅक सुरुवातीचे साधारण वीस अंश ढकलतात आणि पुढे लांब जॅक एकटा इंजिन उचलतो. दुसरी गोष्ट, व्हॉल्व्हच्या फेऱ्या, ऑइलचा दर्जा आणि मोटरीतल्या कार्बन ब्रशची किमान लांबी यांचे आकडे कंपनीगणिक बदलतात. खाली जिथे आकडा दिला आहे तिथे तुमच्या मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा धरा.

आतली रचना सोपी आहे. १२ व्होल्टची एक मोटर दोन्ही दिशांनी फिरते. तिच्याखाली एका छोट्या जोडणीने, म्हणजे कपलिंगने, जोडलेला गिअर पंप असतो. एका दिशेने फिरला की पंप टाकीतले ऑइल जॅकच्या खालच्या बाजूला ढकलतो आणि इंजिन वर जाते. उलट फिरला की वरच्या बाजूला ढकलतो आणि इंजिन खाली येते. मधल्या ब्लॉकमध्ये चेक व्हॉल्व्ह ऑइल अडवून धरतात, म्हणून बटण सोडल्यावरही इंजिन जागच्या जागी राहते. दाब हद्दीबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तो सोडून देतात. बाजूला स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा एक हाताचा रिलीज व्हॉल्व्ह असतो, बॅटरी गेली तर इंजिन हाताने वर-खाली करता यावे म्हणून. या प्रकारच्या युनिटात एकूण ऑइल सहसा एका लिटरच्या आतच असते. त्यामुळे पेलाभर कमी झाले तरी लगेच जाणवते.

आता आवाजाकडे येऊ. ‘कसला आवाज’ यापेक्षा ‘केव्हा आवाज’ हे जास्त सांगून जाते, म्हणून मी आधी तेच विचारतो. इंजिन पूर्ण वर गेल्यावर बटण दाबून धरले की आवाज जड होतो, मोटर दबल्यासारखी होते. तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आहे, दोष नव्हे. तीन जॅकच्या युनिटात आखूड जॅकची धाव संपली की आवाजाची पट्टी आणि वेग एकदम बदलतो, तेही ठीक. बोट जोरात पळत असताना ट्रिम वर केले तर पंख्याच्या रेट्याविरुद्ध काम करावे लागते, म्हणून आवाज भारी येतो. त्यातही चिंतेचे काही नाही. तुमचा आवाज मात्र बटण दाबल्यापासून पूर्ण धावेत आहे, वर जाताना जास्त आहे आणि सोबत वेग निम्म्यावर आला आहे. याचा अर्थ ओझे पेलताना पंप उपाशी आहे किंवा मोटर कमजोर आहे. दोन्हीही असू शकतात.

युनिटला हात लावण्याआधी आवाज ऑइलच्या बाजूचा की लोखंडाच्या बाजूचा, हे वेगळे करा. यासाठी एक पाना सुद्धा लागत नाही. इंजिन पूर्ण खाली घ्या. खाली असतानाच घ्या, कारण मग व्हॉल्व्ह उघडल्यावर पडायला काही उरत नाही. हाताचा रिलीज व्हॉल्व्ह डावीकडे दोन ते तीन फेऱ्या सैल करा, त्यापेक्षा जास्त नको. आता दोघांनी मिळून इंजिन सावकाश वर उचला. ६० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक साधारण ११० किलोच्या घरात असते, तेव्हा एकट्याने हे करू नका. वरच्या कव्हरला धरून ओढू नका, त्याची क्लिप तुटते. खालच्या पायाला धरा. उचलताना फक्त ऑइल सरकल्याचा हलका फुस्स आवाज आला तर सांधे बरे आहेत. करकर, कुंईं असा तोच ओळखीचा आवाज हातानेही आला, तर ऑइलचा काही दोष नाही. इंजिन ज्या आडव्या नळीवर झुलते ती नळी आणि जॅकचे वरचे-खालचे पिन सुकले आहेत. सगळ्या निप्पलना ग्रीस गन लावा आणि दुसऱ्या टोकातून जुने काळे ग्रीस जाऊन नवे दिसेपर्यंत दाबत राहा. ग्रीस पाण्यात न धुपणारे, मरीन दर्जाचे हवे. निप्पल घेत नसेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके त्या भागावर दहा मिनिटे गुंडाळा. ब्लो लँप लावू नका, आत प्लॅस्टिकचे बुश आणि रबरी सील असतात. झाले की व्हॉल्व्ह उजवीकडे घट्ट बंद करा. तो अर्धवट उघडा राहिला तर मोटर फिरते पण इंजिन वर येत नाही किंवा फार सावकाश येते, आणि पावसाळ्यात कुणी हाताने इंजिन वर केले असेल तर हीच चूक राहिलेली असते. तुमच्या मंदपणाचे हे सगळ्यात स्वस्त कारण असू शकते.

पुढे ऑइल. इंजिन पूर्ण वर घ्या, टिल्टचा सपोर्ट लिव्हर लावा आणि इंजिन किंचित खाली सोडून त्याचे वजन लिव्हरवर बसू द्या. शिवाय खाली लाकडी ठोकळा द्या किंवा इंजिन दोराने बांधा. ऑइलच्या दाबावर टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नये, कितीही घाई असली तरी. टाकीचे झाकण इंजिन खाली असताना उघडू नका; तेव्हा ऑइल दाबाने अंगावर उडू शकते. झाकणाभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि फडक्याने साफ करा, कारण आत गेलेला वाळूचा एक कण चेक व्हॉल्व्हखाली बसला तर इंजिन रात्रभरात खाली येऊ लागते. झाकण सावकाश सैल करा. पातळी भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवी.

ऑइल बोटावर घेऊन बघा. लाल आणि नितळ असेल तर ठीक. फेस असेल, बारीक बुडबुडे असतील, तर हवा ओढली जाते आहे. तुमची बारीक कुंईं बहुधा याचीच आहे: पंपाच्या दातांत ऑइलऐवजी हवेचे बुडबुडे येतात, दाबाखाली फुटतात आणि पंप किंचाळतो. गुलाबी दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. काळपट आणि त्यात चमकणारा चुरा असेल तर पंपाची झीज, आणि तेव्हा मात्र मेकॅनिकचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल.

तुम्ही ओतलेल्या २० डब्ल्यू ४० बद्दल. सील त्याने जळत नाहीत, त्यामुळे फार काळजी करू नका. काही जुन्या युनिटांची मॅन्युअल अडचणीला पातळ इंजिन ऑइल चालवूनही घेतात. पण २० डब्ल्यू ४० या कामाला घट्ट आहे. पंपाला टाकीतून ऑइल स्वतः ओढावे लागते, घट्ट ऑइल तेवढ्या वेगाने येत नाही, मागे पोकळी पडते आणि आवाज होतो. यावरून एक चांगली खूण मिळते. सकाळी थंडीत आवाज जास्त आणि दुपारी उन्हात कमी होत असेल, तर ऑइल घट्ट आहे किंवा पंपाची जाळी तुंबली आहे. उलट सकाळी बरे चालते आणि दुपारी तापल्यावर इंजिन मंद होते, तर ऑइल पातळ होऊन आतल्या आत निसटते आहे, म्हणजे व्हॉल्व्ह, सील किंवा पंप. दिवाळीनंतर बामणोली-तापोळ्याच्या सकाळी चांगल्याच गार असतात, त्यामुळे ही खूण तुमच्याकडे स्पष्ट दिसेल. दोन दिवस सकाळ-दुपार घड्याळ लावून सेकंद लिहून ठेवा.

बहुतेक कंपन्या लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) सांगतात, म्हणजे डेक्सरॉन २ किंवा ३ दर्जाचे ऑइल; काही स्वतःचे वेगळे ऑइल सांगतात. गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हे वापरतात, त्यामुळे साताऱ्यात किंवा मेढ्यात मिळायला हरकत नाही. ट्रॅक्टरचे आणि जेसीबीचे ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइलही या कामाला घट्टच. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको. ते तेल वर्गातले नसून ग्लायकॉलचे असते, आतले नायट्राइल रबराचे सील त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि मग खरोखरच पूर्ण युनिट खोलायची वेळ येते.

ऑइल बदलायला दोन लिटर एटीएफ आणा. औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज घ्या आणि पुढे बारीक नळी लावा. टाकीतले जुने ऑइल ओढून काढा, नवे भरा, झाकण लावा, इंजिन दोनदा पूर्ण खाली-वर करा, पुन्हा ओढा, पुन्हा भरा. जॅकमध्ये राहिलेले जुने ऑइल प्रत्येक फेरीत थोडे थोडे बाहेर येते, तीन-चार वेळा केले की बऱ्यापैकी साफ होते. हवा निघण्यासाठी वेगळा स्क्रू सहसा नसतो. चार-पाच वेळा इंजिन टोकापासून टोकापर्यंत चालवले की हवा आपोआप टाकीत येते. पण घाई करू नका. प्रत्येक फेरीनंतर मोटरला दोन-तीन मिनिटे विश्रांती द्या. ती सतत चालण्यासाठी बनवलेली नाही आणि तापली की ब्रश जळतात. फेस दिसला तर अर्धा तास थांबा, तो बसू द्या, मग पातळी बघा. फेसावर पातळी बरोबर दिसते आणि बसल्यावर बोटभर कमी निघते.

आता मूळ प्रश्न: ऑइल जाते कुठे? बाहेरची गळती सोपी आहे. सगळे युनिट केरोसीन लावलेल्या फडक्याने पुसून कोरडे करा, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा, इंजिन पाच-सहा वेळा चालवा आणि बघा. जॅकच्या तोंडाशी दांड्याभोवती ओली कडी दिसते का, झाकणाच्या ओ-रिंगजवळ, पाइपच्या सांध्याजवळ ओल येते का. दांड्यावर नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा किंवा ओरखडा असेल, तर नवे सील बसवूनही महिन्याभरात ते कापले जाईल. बोट पावसाळाभर इंजिन वर करून ठेवली होती, म्हणजे जॅकचा दांडा तीन-चार महिने उघडा होता. तुमच्याकडचा लाल चिखल त्यावर वाळून पापुद्र्यासारखा बसतो. पहिल्यांदा इंजिन खाली घेताना तो पापुद्रा थेट सीलच्या ओठाखाली ओढला जातो. दांडा आत जाऊन बाहेर आला की त्यावर उभी बारीक रेघ दिसते आणि त्या रेघेवरूनच ऑइल झिरपते. भिंग घेऊन बघा, ही रेघ सापडण्याची शक्यता बरीच आहे.

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी ऑइल कमी होते, तर मी थेट मोटर उघडतो. पंप आणि मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर एक छोटे ऑइल सील असते. ते गेले की ऑइल वर मोटरीत चढते. बाहेर थेंब पडत नाही, म्हणून ‘गळती नाही’ असे वाटते. आत आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, ऑइलमध्ये भिजते, कार्बन ब्रशची भुकटी त्यात मिसळून काळा चिखल होतो, मोटर जड आणि मंद होते आणि घरघरते. आवाज, मंदपणा, हरवणारे ऑइल, ही तुमची तिन्ही लक्षणे या एका कारणात बसतात. मोटरीची वायर जिथे आत शिरते त्या रबरी बुचाला बोट लावून बघा. बोटाला ऑइल लागले तर उत्तर मिळालेच. एक खबरदारी: मोटर ऑइलमध्येच राहावी अशी रचना काही युनिटांची असते. तुमचे तसे नाही ना, हे मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.

मोटर काढायची तर इंजिन वर, लिव्हर आणि ठोकळा दोन्ही लावलेले, बॅटरीची वायर काढलेली, आणि रिलीज व्हॉल्व्ह उघडून दाब सोडलेला असावा. मोटर साधारण तीन-चार बोल्टवर असते. बोल्ट निघाले की ती सरळ वर उचला आणि कपलिंगचा छोटा तुकडा कुठे आहे ते लगेच बघा. तो मोटरीला चिकटून येतो आणि गवतात पडतो. त्याची टोके गोल झाली असतील, चीर गेली असेल, तर मोटर नुसती भर्रकन फिरते आणि इंजिन मधेच थांबते. मोटर निघत नसेल तर तिच्या बॉडीवर हातोडी मारू नका. या मोटरीत तारेचे फील्ड नसते, बॉडीच्या आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. एक ठोका बसला की चुंबक तडकतो किंवा सुटतो आणि आर्मेचरला घासू लागतो. पाणी शिरून बॉडी आतून गंजली तरी हेच होते. पितळी पट्टी किंवा लाकडी ठोकळा सांध्यावर ठेवून हलके हलके सैल करा.

मोटर उघडल्यावर ब्रशची लांबी मॅन्युअलशी ताडून बघा, स्प्रिंगला जोर आहे का बघा. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) काळा असेल तर ४०० किंवा ६०० नंबरच्या साध्या पॉलिश पेपरने फिरवत पुसा. एमरी कापड वापरू नका, त्याचा कण विजेला वाट करून देतो आणि पट्ट्यांमध्ये शॉर्ट होते. पट्ट्यांमधल्या खाचा सुईने साफ करा. शाफ्ट बुशमध्ये हलवून बघा. डुलत असेल तर घरघर त्या बुशची आहे. हे सगळे साताऱ्यातला चांगला सेल्फ-डायनामो दुरुस्त करणारा करू शकतो, त्याला फक्त एवढे सांगा की बॉडीत चुंबक आहेत, ठोकू नका आणि तापवू नका. शाफ्टचे सील आणि मोटरीखालची ओ-रिंग मात्र नवीच घाला. कंपनीचा पार्ट लवकर मिळत नसेल तर जुन्या रिंगचा आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून सांगली-मिरजेकडच्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नायट्राइलची मागा. सिलिकॉन भरून बसवू नका. त्याचा पापुद्रा सुटला की नेमका व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. बसवताना पंपाच्या खोलगट जागेत आधी ऑइल भरा, म्हणजे पंप कोरडा फिरणार नाही. कपलिंग बसल्याशिवाय बोल्ट आवळू नका. मोटर हाताने किंचित फिरवली की ती खट्कन खाली बसते. ती बसलेली नसताना बोल्टने ओढली तर पंपाचा शाफ्ट वाकतो.

विजेची बाजू यात विसरू नका. मल्टिमीटर घ्या. पूर्ण चार्ज बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवेल. आता ‘वर’ बटण दाबून धरा आणि दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मोटरीच्या वायरीवर. समजा बॅटरीवर १२ आणि मोटरीवर ९.८ आले, तर वाटेत दोन व्होल्टच्या वर हरवले. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट मी चालवून घेत नाही. मग रिलेच्या (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरीला वीज देणाऱ्या स्विचच्या) अलीकडे आणि पलीकडे, प्लस आणि अर्थ (मायनस) दोन्हीकडे मोजत जा. जिथे उडी दिसेल तो सांधा खराब. बोटीत तो बहुधा रिलेचा अर्थ किंवा वायरीच्या टोकाचा हिरवा पडलेला लग असतो. बऱ्याच इंजिनांत मोटरीची निळी वायर वर नेण्याची आणि हिरवी खाली आणण्याची असते. दोन्हींसाठी वेगळा रिले असतो, म्हणून एकाच दिशेचा दोष रिलेचाही असू शकतो. दोन्ही रिले सारखे असतील तर अदलाबदल करून बघा: दोष दिशा बदलतो का?

पण विजेवर सगळे ढकलू नका. अशा मोटरीचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. १२ चे ९.८ झाले तर वेग पाचव्या हिश्शाने घटेल, ओझ्याखाली थोडा जास्त. तेरा सेकंदांचे सोळा-सतरा होतील, पंचवीस होणार नाहीत. म्हणून वायरीत दोष सापडला तरी मोटरीतले ऑइल आणि हवा यांचा तपास सोडू नका.

इथवर सगळे नीट करूनही मंदपणा राहिला तरच ब्लॉक आणि पंपाकडे जायचे. इंजिन पूर्ण वर गेल्यावर बटण आणखी दोन सेकंद दाबून धरा आणि कान द्या. मोटर दबून आवाज जड झाला, तर पंप दाब तयार करतो आहे. आवाज तसाच हलका राहिला, तर दाब बनत नाही: रिलीज व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप. मग इंजिन अर्धे वर ठेवून जॅकच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी खूण जॅकच्या तोंडात शिरलेली दिसली आणि बाहेर ओल नाही, तर ऑइल आतल्या आत निसटते आहे. यात पहिला संशयित रिलीज व्हॉल्व्हवरची छोटी ओ-रिंग. इंजिन पूर्ण खाली घेऊन, दाब सोडून व्हॉल्व्ह बाहेर काढा आणि रिंग कापली आहे का बघा; ती काही रुपयांची असते. व्हॉल्व्ह ब्लॉक आणि शॉक व्हॉल्व्ह (इंजिनाचा पाय कशावर आदळला तर दाब सोडणारा) उघडणे मात्र काठावरचे काम नाही. ते बाकावर, स्वच्छ जागी, प्रत्येक स्प्रिंग आणि गोळी कुठली हे लिहून ठेवत करायचे असते, आणि दाब मोजायला त्या युनिटाचे गेज लागते. ऑइलमध्ये धातूचा चुरा असेल किंवा दांडा खोल खड्ड्यांनी खराब झाला असेल, तेव्हाच मी नवे युनिट घ्या म्हणेन.

पुढच्या पावसाळ्यासाठी एक बदल करा. बोट काठावर असेल तर इंजिन पूर्ण खाली ठेवा. जॅकचे दांडे आत ऑइलमध्ये राहतात आणि इंजिनातले पाणीही निथळते. जागेअभावी वर ठेवावेच लागले तर दांडे धुऊन, पुसून त्यांवर ग्रीसचा हात फिरवा आणि चिखल लागणार नाही असे कापड गुंडाळा. ताडपत्री इंजिनाला चिकटवून बांधू नका, आत दमटपणा कोंडतो आणि मोटर गंजते. उन्हाळ्यात शिवसागर जलाशयाचे पाणी मागे हटते, तेव्हा उथळ पाण्यात दिवसातून कितीतरी वेळा टिल्ट वापरावे लागते आणि दांडे सतत गाळाने माखतात. संध्याकाळी इंजिन खाली घेण्याआधी बादलीभर स्वच्छ पाणी दांड्यांवर ओता आणि जाळ्याचा तंगूस गुंडाळला गेला आहे का बघा. तो सीलच्या ओठात सुरीसारखा जातो. सांगलीकडे पुरासाठी ठेवलेल्या बोटींवर पॉवर टिल्टची इंजिने असतील तर त्यांनाही हे लागू आहे. वर्षभर स्टँडवर उभ्या इंजिनाचे टिल्ट मे महिन्यात पाच-सहा वेळा पूर्ण चालवून ऑइल बघायला हवे, कृष्णेचे पाणी चढल्यावर नव्हे.

तुम्ही उद्या एवढे करा: रिलीज व्हॉल्व्ह बंद आहे का बघा, हाताने उचलून आवाज ऐका, ऑइलचा रंग आणि फेस बघा, मोटरीच्या वायरीच्या बुचाला बोट लावा, आणि बटण दाबलेले असताना मोटरीवरचे व्होल्ट मोजा. मग सकाळचे आणि दुपारचे सेकंद, व्होल्टचे दोन आकडे, ऑइल कसे दिसले आणि जॅक एक की तीन, एवढे इथेच लिहा. त्यावरून मोटर उघडायची की जॅकचे सील, हे सांगता येईल. तोवर टिल्ट लागेल तेवढेच वापरा, आणि टाकीत आणखी २० डब्ल्यू ४० ओतू नका.